रंगवायचा राहिलेला शब्द

मी एक फळा आहे. प्लायवूडचा, काळा, वर पांढरे चौकोन आखलेले. मुरगूडजवळच्या एका गावात, बौद्ध वस्तीतल्या विहारात मला १९९६ साली टांगले. मला आखणारे धम्मपालमामा दुकानांच्या पाट्या रंगवत. रविवारी वंदना झाली की ते वस्तीतल्या मुलांना माझ्यावर शब्दकोडे घालत. मतदान, समता, नागरिक, असले शब्द.

मामांचा एक नियम होता. ओळखलेला शब्द खडूने लिहायचा आणि घरी जाताना पुसायचा. तो बाहेर वापरला आणि चालला, तरच ऑइलपेंटने रंगवायचा. मुलांतल्या थोरल्या संग्रामने वस्तीत दिवा मिळावा म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज दिला, खाली 'गावचा एक नागरिक' असे लिहून सही केली. दिवा लागला. 'नागरिक' माझ्यावर उभा रंगला.

त्याचा 'क' एका आडव्या शब्दाचाही शेवट होता. 'सर्वांच्या मालकीचे, सर्वांसाठी खुले.' दहा वर्षांच्या दीक्षाने ओळखले, सार्वजनिक. तो तिला स्वतःच्या हाताने रंगवायचा होता.

त्या उन्हाळ्यात वस्तीची विहीर आटली. दीक्षा कळशी घेऊन वरच्या गल्लीतल्या नळावर जाऊ लागली. रविवारी मामांनी रंगाचा डबा उघडला आणि तिला विचारले, "म्हटलंस काय?"

"म्हटलं की. नळ सार्वजनिक हाय म्हटलं."

"मग?"

"तिथली झुंबरबाई हसली. म्हणाली, व्हय की बाई, सार्वजनिकच हाय. आमचं झाल्यावर भर. कळशी तेवढी लांब ठेव."

"आणि?"

"त्यांचं होईस्तोवर पाणी जातंय, मामा. रोजच जातंय."

"मग निम्मा रंगवा की," संग्राम म्हणाला. कुणी हसले नाही. मामांनी डब्याचे झाकण दाबून बसवले. खडू दीक्षानेच पुसला.

पुढे मामांची नजर अधू झाली, वर्ग थांबला. विहार सिमेंटचे झाले तेव्हा मला बाहेर काढले. दीक्षाच्या आईने, बयाबाईंनी, मला दारातल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवले. ओलीने माझे थर सुटत आहेत. त्याचे मला काही वाटत नाही.

दीक्षा आता जयसिंगपूरला नर्स आहे. गेल्या दिवाळीत ती माहेरी आली. तिच्या भावाची अक्षता नुकती वाचायला शिकली आहे. तिने माझ्यावर बोट ठेवले.

"आत्ती, हितं मोकळं का सोडलंय?"

"तिथं सार्वजनिक लिहायचं होतं."

"मग लिव्हलं का न्हाय?"

"आता वस्तीला आपला नळ आलाय की," दीक्षा म्हणाली. वरच्या नळावर वस्तीतले कुणी जात नाही, म्हणून कुणी अडवतही नाही.

"पण तो नळ हाय न्हवं अजून?"

दीक्षाने पिंपातून तांब्या भरून घेतला आणि मला परत पिंपावर ठेवले. उलटे.

आता माझे चौकोन पाण्याकडे आहेत. खडू इथे टिकायचा नाही. कुणाला रंगवायचेच असेल, तर त्याने आधी वरच्या नळावर, सगळ्यांच्या कळशांना लागून आपली कळशी ठेवावी आणि ती भरून आणावी. 'क' अजून जागेवर आहे.