पदकांचा रकाना

"मरहूमा का डेथ सर्टिफिकेट लाए क्या, अम्मा?"

खिडकीपलीकडच्या गौसमियाँनी फाइलीतून मान वर न करताच विचारलं. शैलाबाईंना वाटलं, मागच्या कुणाला तरी विचारतायत. त्यांनी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"कौन मरहूमा?"

"भामा बिरादार. लेफ्टिनेंट, नर्सिंग. आप उनके कौन होते? बहन?"

"मैंइच हूँ भामा बिरादार."

आता गौसमियाँनी मान वर केली. चष्मा कपाळावर ढकलला. समोर पन्नाशीला टेकलेली, इस्त्रीची पांढरी साडी नेसलेली बाई धडधाकट उभी होती. हातातल्या अर्जावर नाव होतं शैला मुकुंदराव एकंबेकर. दिल्लीहून मागवलेल्या फाइलवर होतं भामा एकनाथराव बिरादार.

"एक हर्फ नहीं मिलरा, अम्मा. आप इनों कैसे हुए?"

"शादी हुई ना. हमारे में नाम बदलते."

"सरनेम तो सबका बदलता. खुद का नाम भी बदल दिए?"

"हौ."

"पूरा?"

"पूरा."

"या अल्ला," गौसमियाँ म्हणाले, "फिर बाकी क्या बचा?"

सिकंदराबादच्या या माजी सैनिकांच्या दप्तरात शैलाबाईंचा हा तिसरा खेटा होता. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे त्यांना ठाऊक होतं. पण थांबता थांबता आपण वारलो आहोत, हे त्यांना आजच कळलं. हसू यायला हवं होतं. आला तो संताप.

सुरुवात झाली दिवाळीआधी. मलकपेठेतल्या ज्या खाजगी इस्पितळात त्या मेट्रन होत्या, त्याच्या मालकांना हल्ली सगळं चकचकीत हवं होतं. शहाण्णव साल होतं. परदेशी यंत्रं आली, संगमरवर आला, आणि दर्शनी भिंतीवर कर्मचाऱ्यांचे फोटो, शिक्षण, मानसन्मान लावायचं ठरलं. शैलाबाईंनी लष्करातल्या नोकरीचा दाखला मागवला. तो आला. त्यात पदकांच्या रकान्यात टाईप केलं होतं, 'निल'.

निल! एकाहत्तरच्या डिसेंबरात पठाणकोटच्या लष्करी इस्पितळात चोवीस वर्षांच्या भामाने चौदा दिवस धड पाठ टेकली नव्हती. खिडक्यांना काळे कागद, दिवे बंद, टॉर्च तोंडात धरून जखमा बांधायच्या. विमानं आली की उठू शकणाऱ्यांना खाटेखाली ढकलायचं. मांडी फुटलेला एक जवान हलवता येत नव्हता, तर भामा त्याच्यावर आडवी पडून राहिली होती. त्या वॉर्डातल्या बाकीच्या सगळ्या सिस्टरना पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल मिळालं. हिचं यायचं होतं. पण त्र्याहत्तरच्या मे महिन्यात हिचं लग्न झालं, आणि नर्सने लग्न केलं की लष्करातली नोकरी संपली, असा तेव्हा कायदाच होता. शिपायाने लग्न केलं तर त्याला सुट्टी मिळे. नर्सने केलं तर तिला कायमचं घर. मागच्या वर्षी म्हणे तो कायदा काढून टाकला. काढला तर काढला. घरी बसलेल्यांना बोलवायला काही कुणी आलं नाही.

मेडल पोस्टाने येईल, असं निघताना त्यांना सांगितलं होतं. त्यांनी सासरचा पत्ताही लिहून दिला होता. वाट पाहिली, मग वाट पाहणं सोडलं, आणि इतकी वर्षं मनातल्या मनात सरकारला शिव्या घालत राहिल्या.

"शौहर का हलफनामा लगता, अम्मा," गौसमियाँ फाईल चाळत म्हणाले. "के भामा और शैला एकइच हैं. उसके बगैर... रुको. ये क्या है?"

फाइलीच्या तळाशी टाचलेलं एक पाकीट त्यांनी उलटं करून खिडकीशी सरकवलं. रजिस्टर पत्र, ऑगस्ट चौऱ्याहत्तर. लेफ्टनंट भामा बिरादार, द्वारा मुकुंदराव एकंबेकर, चिक्कडपल्ली, हैदराबाद. आतलं पत्र चार ओळींचं होतं: आपली दोन पदके तयार आहेत, ती याच पत्त्यावर पाठवावीत काय, हे उलटटपाली कळवावे. पाकिटावर निळ्या शाईत, ठळक इंग्रजीत शेरा होता, 'या नावाची कोणीही स्त्री या पत्त्यावर राहत नाही.'

खाली सही नव्हती. शैलाबाईंना सहीची गरज नव्हती. याच अक्षरात लेकीचे, तेजश्रीचे, शाळेचे अर्ज लिहिले गेले होते. याच अक्षरातली वाणसामानाची यादी आज सकाळी त्यांनी फ्रिजवर पाहिली होती. बावीस वर्षं त्यांनी शिव्या चुकीच्या पत्त्यावर पाठवल्या होत्या.

"किसने लिखा, मालूम है क्या?" गौसमियाँनी जरा जपूनच विचारलं.

"मालूम है. इसका झेरॉक्स निकाल के देव. हलफनामा भी उनोंइच देते."

मुकुंदराव संध्याकाळी मलकपेठच्या बाजारातून आले. त्यांची मिरचीची आडत होती. घरात पाऊल टाकलं की सगळ्यांना शिंका यायच्या. आज शैलाबाईंना शिंक आली नाही. त्यांनी चहाचा कप ठेवला आणि कपाशेजारी तो झेरॉक्स ठेवला.

"काय हे?"

"वाचा."

मुकुंदरावांनी वाचलं. चहा तसाच राहिला.

"कुठून काढलंस?"

हे विचारलं. कुणी लिहिलं, असं नाही विचारलं. म्हणजे माणूस विसरलेलाही नव्हता. शैलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सरकारनं जपून ठेवलं होतं. सरकार तरी बरं."

"अगं, आईनं लिही म्हणलं, मी लिहिलं. बैठकीत पाव्हणे बसलेले. पोस्टमन दारात उभं राहून ओरडूलालता, लेफ्टनंट बिरादार कोण, लेफ्टनंट बिरादार कोण. काय सांगू मी?"

"सांगायचं, माझी बायको आहे."

"आणि लोक काय म्हणले असते? एकंबेकरांची सून मिलिटरीत परक्या बाप्यांची अंगं पुसत होती म्हणून?"

"हौ, पुसत होते. रक्त पुसत होते, पू पुसत होते. तुमच्या आईची शेवटची दोन वर्षं तिचंही सगळं मीच पुसलं. तेव्हा नाही कुणी काही म्हणलं! तेव्हा बरी चालली मिलिटरीची नर्स!"

मुकुंदरावांनी कागद उलटा करून ठेवला. बाजारात भाव पडला की ते असेच आवाज खाली आणत.

"हे बघ, खोटं तरी काय लिहिलं मी? नाव बदललं होतं की तुझं. भामा कुठं होती तेव्हा घरात?"

शैलाबाईंना लग्नातलं ते ताट आठवलं. ताटातल्या तांदळांवर याच माणसाने अंगठीने 'शैला' लिहिलं होतं आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, मिलिटरीतली भामा गेली, आता ही आमची. सगळ्या बायका हसल्या होत्या. आपणही हसलो होतो, याची आज त्यांना चीड आली.

"एकंबेकर," त्या म्हणाल्या. नवऱ्याला त्यांनी आजवर आडनावाने हाक मारली नव्हती. असा आवाज त्यांचा फक्त वॉर्डात लागायचा. "स्वयंपाकघरात होती भामा. तुमच्या पाव्हण्यांसाठी चहा टाकत होती."

"बरं, चुकलं. सही करतो ना मी. कुठं करायची सांग, उद्या करतो. इतकी परेशान कायला होतीस?"

दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्रासाठी तिघं कोठीच्या बाजारात गेले. तिसरी तेजश्री, साक्षीदार म्हणून. ती अमीरपेठेत कॉम्प्युटर शिकत होती आणि आईला मेडल मिळणार म्हणून खुशीत होती. "मम्मी, पेपरमध्ये फोटो देऊ या ना," असं तिने रिक्षात दोनदा म्हटलं.

पुस्तकांच्या दुकानांमागे एका बोळात नोटरीचं टेबल होतं. शैलाबाईंनी मजकूर सकाळीच येऊन टाईप करून घेतला होता. चार कलमं होती. मुकुंदरावांनी चष्मा लावून पहिलं वाचलं, दुसरं वाचलं. भामा आणि शैला या एकच, तिसऱ्यालाही मान हलवली. चौथ्यावर थांबले.

'माझी पत्नी घरात हजर असताना, तिच्या नावे आलेले लष्कराचे पत्र, ती येथे राहत नाही असा खोटा शेरा स्वतःच्या हाताने लिहून मी परत पाठवले.'

"हे कशाला?"

नोटरी रेड्डी म्हणून एक म्हातारे वकील होते. त्यांनीही डोकावून पाहिलं. "अम्मा, इसका जरूरत नहीं. तीन पॅरा में आपका काम हो जाता."

"मालूम है."

"मग काढ की ते," मुकुंदराव म्हणाले. "बाकी सगळ्यावर करतो सही. कायमचं सरकारी कागदावर राहील हे. आणि पोरीसमोर..."

तेजश्रीने कागद ओढून घेतला होता. तिला मराठी वाचताना अडखळायला व्हायचं, पण मजकूर इंग्रजीत होता. तिने चौथं कलम वाचलं, परत वाचलं.

"पप्पा? हे तुम्ही केलं?"

मुकुंदराव रस्त्याकडे बघत राहिले.

"मेडल मला सरकार देईल," शैलाबाई म्हणाल्या. "ही ओळ तुम्ही द्यायची."

"आणि नाही दिली तर?"

"तर मेडल राहू द्या. निल तर निल. पण मग तुम्ही पाकिटावर जे लिहिलंत, ते मी खरं करते. आजच. मलकपेठेत नर्सेसच्या क्वार्टरमध्ये मेट्रनची खोली रिकामी आहे."

आवाज चढला नव्हता, त्यामुळे तर मुकुंदरावांना ते लगेच कळलं. तेवीस वर्षं ज्या बाईने घरात भाजीसुद्धा विचारून केली, ती आज विचारत नव्हती. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

त्यांनी सही केली. खाली तेजश्रीने केली. नोटरींनी शिक्का मारला आणि वहीत नोंद करायला नाव विचारलं, तेव्हा शैलाबाईंनी दोन्ही नावं सांगितली.

"चला, चहा घेऊ," मुकुंदराव म्हणाले.

"तुम्ही घ्या," शैलाबाई म्हणाल्या आणि सिकंदराबादच्या बसकडे निघाल्या. तेजश्री त्यांच्यामागून गेली.

दप्तर बंद व्हायला अर्धा तास होता. गौसमियाँनी प्रतिज्ञापत्र वाचलं. चौथं कलम त्यांनी ओठ हलवत वाचलं, शैलाबाईंकडे एकदा पाहिलं आणि कागद फाइलीला टाचला. मग त्यांनी सेवेचा तक्ता बाहेर काढला. पदकांचा रकाना शेवटून दुसरा होता, त्यात काळ्या शाईचं 'निल' होतं.

"दिल्ली से मंजूरी आने कू चार-छे महिने लगते, अम्मा. तब तक कच्ची एंट्री करतूँ. पेन्सिल से."

'निल'च्या खालच्या बोटभर जागेत त्यांनी पश्चिमी स्टार लिहिलं, स्वल्पविराम दिला, संग्राम मेडल लिहिलं. पेन्सिल बोथट होती. अक्षरं राखाडी, पुसट उमटली. खिडकीतून वाचायला शैलाबाईंना गजांना कपाळ टेकावं लागलं.

"गौसमियाँ."

"जी?"

"जरा दबा के लिखो."

गौसमियाँनी खणातून ब्लेड काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा गिरवायला घेतलं.