खोली तेवढीच

गणिताच्या मास्तरांनी मुलाला फोनवर एकच विचारलं होतं, की नवी खोली केवढी आहे. मुलगा म्हणाला, एक्याऐंशी चौरस फूट, उलट जराशी जास्तच. जुनी खोली नऊ बाय नऊ होती. मास्तर म्हणाले, मग हरकत नाही.

सामान उतरलं तेव्हा कळलं. खोली साडेसहा बाय साडेबारा होती. चौरस हा आयतच, पण प्रत्येक आयत चौरस नसतो, हे त्यांनी वर्गात घसा फोडून सांगितलं होतं. स्वतःच्या घराच्या वेळी मात्र नुसतं क्षेत्रफळ ऐकून ते गप्प बसले.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बायकोची मान डावीकडे वळली ती तशीच राहिली. डावीकडे जे असेल तेच तिचं जग. जुन्या खोलीत पलंग उभा लावा नाहीतर आडवा, बसायचाच. मास्तरांनी तो फिरवला आणि खिडकी तिच्या डावीकडे आली. समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघत ती दिवस काढायची. बोलणं तुटक झालं तरी टोमणे शाबूत होते.

"नवा सदरा," एकदा गच्चीकडे बघत म्हणाली. "तुमचा कधी?"

जुनी खोली होती ती इमारत आता पाडली होती.

इथे खिडकी अरुंद भिंतीला होती. ती डावीकडे यायची तर पलंग आडवा हवा, आणि पलंग सात फुटी. जेवताना पाठ उचलणारा, लोखंडी. वेल्डरला बोलावलं. तो म्हणाला, कापला तर पाठ उचलायची सोय जाईल, त्यापेक्षा साधी खाट घ्या. पण पाठ उचलली नाही तर घास श्वासात जातो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग मास्तरांनी पलंग तिरका लावून पाहिला. तिला खिडकीच्या चौकटीची कड तेवढी दिसली, आणि पलंग अडून खोलीचं दार उघडेना.

"काका, मी काय खिडकीतून येऊ?" सांभाळणाऱ्या बाईंनी बाहेरून विचारलं.

पलंग पुन्हा लांबीला गेला, आणि तिच्या डावीकडे नुसती भिंत आली.

शेवटी मास्तरांना आरसा सुचला. कपाटाचा आरसा काढून त्यांनी तो डाव्या भिंतीवर कलता टांगला. स्टुलावर चढून, खिडकी त्यात येईपर्यंत जरा इकडे, जरा तिकडे करत राहिले. सुचलं याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

"दिसतंय का गं?"

ती बराच वेळ बघत राहिली. झटक्यानंतर तिच्यासमोर कुणी आरसा धरलाच नव्हता. मास्तरांच्या ते आत्ता ध्यानात आलं.

"अहो," ती म्हणाली. "तोंड." आणि मग, "काढा."

त्यांनी तो उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून कपाटामागे ठेवला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मास्तर तिच्या डावीकडे खुर्चीत बसले होते. तिचे डोळे उघडे होते, पण ती त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होती. मुलानं विचारलं, खोली पुरते ना, आईला आवडली का. त्याची धावपळ मास्तरांना ठाऊक होती, आणि आता बोलून भिंत काही सरकणार नव्हती.

"पुरते," ते म्हणाले. "तेवढीच आहे."

तिनं डोळे मिटून घेतले.