पाहुण्यांनी इथे बसू नये

मी एक टेबल बोलतोय. हसू नका. बव्हेरियाच्या डोंगरात 'सोनेरी हरिण' नावाची सराई आहे, तिथल्या शेगडीजवळच्या कोपऱ्यात माझा सगळा जन्म गेला. वखारवाल्या कोर्बिनियानच्या आजोबांनी मला ओकच्या लाकडातून घडवलं. गोल केलं, म्हणजे कुणी वर नाही, कुणी खाली नाही. म्हातारा भाबडा होता बिचारा.

माझ्यावर एक पितळी पाटी असायची, 'स्टामटिश'. म्हणजे रोजच्या गाववाल्यांचं टेबल. पाहुण्यांनी इथे बसायचं नाही. तसं कुणी सांगत नसे, पण एखादा अनोळखी बसलाच, तर अख्ख्या खोलीची वाचा बसायची आणि तो आपोआप उठायचा.

गाववाले आले की हात मिळवत नाहीत. बोटांच्या पेरांनी माझ्या छातीवर दोनदा टकटक करतात. बसलेले उलट टकटक करतात. उत्तर आलं तर तुम्ही आपले. नाही आलं, तर काय ते समजून घ्यावं. कोर्बिनियानची टकटक म्हणजे हातोडाच. आज साठी उलटली तरी गाव त्याच्या शब्दाबाहेर नाही.

पाहुणे मी तऱ्हेतऱ्हेचे पाहिले. एका बाईला इथलं काळिजाच्या गोळ्यांचं सूप पिऊन तिची आई आठवली आणि ती ताटावरच रडली. तिच्याच शेजारचा गृहस्थ म्हणाला, "असलं सूप आमचा कुत्रा पिणार नाही." कुणाला गाईंच्या घंटांनी झोप लागायची, कुणी त्याच घंटांवरून भांडायचे. मालकीण नोटबुर्गा दोघांनाही तेच हसू द्यायची. पाठ वळली की म्हणायची, "गेली एकदाची पीडा!" पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही तुमच्याकडची म्हण इथेही खरी आहे.

टेडसेनची अक्कल अशीच गेली. तो उत्तरेचा, समुद्राकाठचा. बायकोबरोबर दर उन्हाळ्यात यायचा. बायको गेली आणि त्याने इथे गोठ्यावरची खोली कायमची घेतली. रोज संध्याकाळी खिडकीजवळच्या टेबलाशी एकटाच जेवायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. माझ्याकडे म्हणजे माझ्याभोवतीच्या माणसांकडे. त्याला त्यांच्यात बसायचं होतं. बाकी त्याची कशालाच तक्रार नव्हती.

"काय खलाशीबुवा, आज होडी कुठे बांधली?" कोर्बिनियान ओरडायचा.

"इथेच, खिडकीला," टेडसेन म्हणायचा आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचा.

मग एके दिवशी कोर्बिनियान गोड आवाजात म्हणाला, "शुक्रवारी ये रे आमच्यात बसायला. पण आमच्यासारखा पोशाख करून यायचं हं!"

टेडसेन खरोखर शहरात जाऊन इथले गाववाले घालतात तशी चामड्याची अर्धी चड्डी घेऊन आला. शुक्रवारी ती घालून खाली उतरला. काटकुळे पाय, पांढरेफटक गुडघे. माझ्यापाशी येऊन त्याने टकटक केली. इतकी हलकी, की जणू आजाऱ्याच्या दारावर.

कुणी उत्तर दिलं नाही. कोर्बिनियान आणि त्याचे चौघे सोबती, पाचही जण उठले, आपापले बिअरचे पेले उचलले आणि त्याच्या खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसले.

"टेबल हवं होतं ना तुला?" कोर्बिनियान म्हणाला. "घे! आजपासून तुझंच!"

सराई हसून लोळली. नोटबुर्गाही हसली, मी पाहिलं. टेडसेनला वाटलं, हीच इथली रीत असेल. तो बसला, पेला उंचावून त्यांना मान लववली आणि आता ते परत येतील, आता येतील, अशी वाट बघत राहिला. मी लाकूड, पण माझ्याने ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी तो त्याच चड्डीत, सगळ्यांच्या आधी हजर! कोर्बिनियानला त्याला माझ्यापासून उठवता येईना. चारचौघांत दिलेला शब्द, आणि गावात शब्द मोडणारा म्हणजे शेणातला किडा. पाची जण खिडकीपाशी गारठत बसू लागले. थंडीभर माझी शेगडी एकट्या टेडसेनला ऊब देत होती.

शेवटी नोटबुर्गाला राहवेना. सूप ठेवता ठेवता ती म्हणाली, "अहो, कसं सांगू तुम्हाला? ते तुमची थट्टा करतायत हो."

"माहीत आहे, बाई. दुसऱ्याच दिवशी कळलं," टेडसेन सूप ढवळत म्हणाला. "पण थट्टा करायला तरी ओळखीचंच माणूस लागतं ना? उत्तरेला आता मला एवढंही कुणी ओळखत नाही."

नोटबुर्गाने हे कोर्बिनियानला जसंच्या तसं सांगितलं. तिला वाटलं असावं, त्याला पाझर फुटेल. पाझर कसला फुटतोय! तो म्हणाला, "असं होय? मग बघतोच."

बर्फ वितळताच त्याने आपल्या वखारीतून नवंकोरं टेबल आणलं. मला चौघांनी उचलून अंगणात टाकलं, टेडसेनच्या पेल्यासकट. पितळी पाटी तेवढी उपटून आत नेली. शब्द मोडला नाही म्हणे, टेबल त्याचंच आहे, फक्त बाहेर आहे.

टेडसेन अंगणात आला. मी म्हटलं, आता हा माझ्यापाशी बसेल. त्याने पेला उचलला, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि आत गेला. मी त्याला कधी हवाच नव्हतो. त्याला ती माणसं हवी होती, तीच, असली.

आता मी अक्रोडाखाली भिजतो. डोंगर चढून आलेले पाहुणे माझ्यावर चिखलाचे बूट ठेवतात आणि काय छान जुनं टेबल आहे म्हणतात. खिडकीतून मला आतलं दिसतं. पाची जण नव्या टेबलाशी मजेत असतात. टेडसेन खिडकीपाशी बसतो, त्यांच्याकडे बघून आधीच थोडं हसू तयार ठेवतो. पण कोर्बिनियानने सगळ्यांना बजावलंय. आता त्याला कुणी खलाशीबुवा म्हणत नाही. कुणी काहीच म्हणत नाही.

तुम्ही कधी या सराईत उतरलात, तर सूप चांगलं की वाईट ते तुमचं तुम्ही ठरवा. पण खिडकीपाशी चामड्याच्या चड्डीतला एक म्हातारा दिसेल. तुम्हाला चांगलं बोलायला वेळ नसेल, तर निदान एखादं वाकडं बोला त्याला.