कबुली न दिलेला उसासा

बिस्किटाचा तुकडा चहात विरघळून तळाला गेला तरी क्लाइव्हचं बोट बटणावरच — अकरा मिनिटं चार सेकंद, मागे, पुन्हा अकरा मिनिटं चार सेकंद... पडद्यावर इंग्लंडातल्या लँकेशायरची एक बंद कापडगिरणी, चार खुर्च्या, अंधारात हिरवट दिसणारे चार चेहरे, आणि तो उसासा. लांबलचक. बाईचा.

भूतशोधक मंडळाचा नियम साधा आहे : ज्यानं आवाज केला त्यानं तिथल्या तिथं कबूल करायचं, म्हणजे नंतर फीत तपासणाऱ्याच्या डोक्याला ताप नाही. तपासणारा अर्थातच क्लाइव्ह, एकोणीस वर्षं. एकूणएक भुताला उंदीर, वारा नाहीतर नळ ठरवून घरी धाडलंय. परवाही सगळे गुणी पोरांसारखे कबुली देत होते — "माझी खुर्ची." "माझं पोट, वाटाणे बाधले." ग्लेनिस, त्याची बायको, चौघांत एकटीच बाई, सगळ्यांच्या पुढे : "माझा गुडघा. परत माझाच मेला गुडघा." उभ्या जन्मात खोटं न बोललेली बाई... आणि उसाशानंतर चिडीचूप.

बरं, उसाशाच्या आधी आवाज कुणाचा? त्याचाच. "जूनमध्ये निवृत्त झालो ना ग्लेनिस, की आपण दोघं दर शनिवारी येत जाऊ! वर्षभर! गाडीतच झोपायचं!" — किती खुशीत बोलतोय गाढव.

वारा? खिडक्या बंद. नळ? गिरणीत पाणीच नाही. अरे देवा, आयुष्यात पहिल्यांदा त्याला भूत हवं होतं — एखादी मेलेली विणकरीण, शंभर वर्षं उभी राहून पाय भरून आलेले, बिचारी उसासे टाकणार नाही तर काय करणार!

"सापडलं का रे काही?" स्वयंपाकघरातून ग्लेनिस. "का नेहमीसारखा उंदीर?"

"आवाज आहे एक. बाईचा."

सुरी थांबली. मग पुन्हा गाजरावर चालू लागली.

"अगं बाई! मग मंडळाला कळव की. नाव होईल तुझं."

"ऐकायला येतेस?"

"नको रे. हात ओले आहेत."

एरवी ओल्या हातांनीच धावत येते. प्रश्न चार शब्दांचा — तुझा का गं तो? — आणि ती खरंच सांगेल, हीच तर पंचाईत... त्यानं वहीत 'कारण अज्ञात' असं लिहिलं, खाली सही केली, आणि भर दुपारी त्याला भीती वाटू लागली.