नागदवण्याचा चढता आलेख

संस्थेत सगळे तिला आकडेवाली म्हणत, आणि तिला ते आवडायचं. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसून ती दुसऱ्यांच्या संशोधनाची मोजदाद करायची. या खेपेला विभागप्रमुखांनी दिलेलं काम तर तिच्या घरचंच होतं. नागदवणा या झुडपाच्या वाळवलेल्या पाल्याची कांडी पेटवून तिची धग दुखऱ्या जागेजवळ धरायची, असा तो जुना उपचार. त्यावर गेल्या पंचवीस वर्षांत जगभर काय संशोधन झालं, याचा आढावा घ्यायचा होता. तिची आत्या तीस वर्षं हाच उपचार करत आली होती. आकडेवालीचा गुडघाही आत्यानंच वठणीवर आणला होता. त्यामुळे निष्कर्ष काय येणार, याची प्रमुखांना बिलकूल काळजी नव्हती.

तीन महिने तिनं मान वर केली नाही. आठशे सेहेचाळीस शोधनिबंध सापडले. गुडघेदुखी आघाडीवर, तिच्यामागं कंबर, मान आणि पाळीतली पोटदुखी. वर्षागणिक निबंधांचा आलेख असा चढला होता की प्रमुखांची कळी खुलली. संस्थेत या उपचाराचा नवा कक्ष उघडणार होता आणि त्याआधीच्या सभेत हाच आलेख पडद्यावर झळकणार होता.

पण नुसतं मोजून थांबेल तर ती आकडेवाली कसली! ज्यांचा दाखला सर्वांत जास्त वेळा दिला गेला, असे साठ निबंध तिनं अथपासून इतिपर्यंत वाचले. त्यातल्या सत्तेचाळीस निबंधांत, उपचार मध्येच सोडून गेलेल्या रुग्णांचं पुढं काय झालं याचा पत्ताच नव्हता. कुणाला भाजलं, कुणाला फोड आले, हे फक्त अकरा निबंधांत लिहिलं होतं. मग तिनं अहवालाच्या शेवटी लिहिलं, 'निबंध वाढले आहेत. पुरावा त्या प्रमाणात वाढलेला नाही.'

प्रमुखांनी ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'परिणामकारकता सिद्ध झाली आहे.'

"तुमचा स्वतःचा गुडघा बरा झाला ना?" त्यांनी विचारलं.

"झाला, सर. पण तो आपोआपही बरा झाला असता की नाही, हे मला कुठं माहीत आहे?"

प्रमुखांनी तिला चार गोष्टी समजावून सांगितल्या. कक्षाची तयारी झाली होती, पाहुणे ठरले होते, आणि एका वाक्यापायी एवढं ताणायची गरज नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "वाक्य बदलायचं असेल, तर माझं नाव काढा. माझं वाक्य तेच राहील."

खरी धास्ती तिला आत्याची होती. रविवारी ती आत्याच्या उपचाराच्या खोलीवर गेली. खिडकी सताड उघडी होती, तरी धुराचा कडवट वास भिंतींत मुरलेला. तिनं सगळं सांगितल्यावर आत्याचा चेहरा पडला. आपल्या हातावर भाचीचाच भरवसा नाही, असं म्हणत ती कितीतरी वेळ राखेची वाटी घासत राहिली.

मग आत्या आपणहून बोलू लागली. कंबरेसाठी एक शिंपीण तिच्याकडे यायची. सहा वेळा आली आणि यायची थांबली. बरी झाली असणार, असं आत्यानं धरून चाललं होतं. वर्षभरानं ती रस्त्यात भेटली, तर तशीच वाकलेली.

"जे परत आले नाहीत, ते सगळे मी बऱ्यांत धरले गं," आत्या म्हणाली. "तीस वर्षं."

सभेच्या दिवशी आलेख पडद्यावर आला आणि त्याखाली प्रमुखांचं वाक्य होतं. आकडेवालीचं नाव मात्र जागच्या जागी होतं. समोरून एका म्हाताऱ्या अस्थितज्ज्ञांनी सहज विचारलं, की भाजण्याचं प्रमाण किती? प्रमुख पाणी प्यायले. आकडेवाली मागच्या रांगेतून उठली. आवाज खणखणीत निघाला. साठांपैकी फक्त अकरा निबंधांत त्याची नोंद आहे, म्हणून प्रमाण सांगता येत नाही, असं तिनं सांगितलं. सोडून गेलेल्यांचंही सांगितलं. आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ते खालचं वाक्य माझं नाही. माझं वाक्य वेगळं होतं, ते मी आता वाचते."

तिनं ते दोनदा वाचलं.

कक्ष ठरल्या दिवशीच उघडला. अहवाल तिच्या नावाशिवाय छापला गेला, आणि तिची रवानगी तळमजल्यावर, जुन्या फायलींना क्रमांक द्यायच्या कामावर झाली. सहकारी जिन्यात भेटले की घड्याळाकडे बघू लागले. एक गोष्ट मात्र घडली. त्या अस्थितज्ज्ञांनी हट्ट धरला, आणि भाजलेल्यांची व सोडून गेलेल्यांची नोंद ठेवणं कक्षाला भाग पडलं. तिनं स्वतःचा आढावा एका नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला. तिनं दुसरीकडे पाठवला.

आणि दर रविवारी ती आत्याकडे जाऊ लागली. यायचे थांबलेल्या रुग्णांना आत्या स्वतः फोन करायची, आकडेवाली लिहून घ्यायची. काही जण खरोखर बरे होते. काहींना काडीचाही फरक पडला नव्हता. पोटरीवर फोड आला होता, अजून डाग आहे, असं एका सुतारानं ऐकवलं, तेव्हा आत्यानं त्याची सरळ माफी मागितली. फोन ठेवून तिनं डोळे पुसले.

"आज थांबू या का?" आकडेवालीनं विचारलं.

"थांबायचं कशाला? लिही, फोड आला होता म्हणून," आत्या म्हणाली आणि पुढचा नंबर लावू लागली.