गेरूच्या रेघा

मोह, तेंदू, रोवणा, वाघ. दिल्लीच्या सुनावणीत समोरच्या वकिलाने माझ्या हजेरीच्या रजिस्टरातले हे चार शब्द वाचून दाखवले आणि तो हसला. वाघ म्हणताना जरा जास्तच हसला. मी इकडे मूल गावी, आमच्या कारखान्याच्या ऑफिसात, मालक गुणवंतरावांच्या शेजारी कॉम्प्युटरसमोर बसले होते. आम्ही फक्त ऐकायचं होतं. बोलायची मुभा असती तर त्या माणसाच्या चार शब्दांना मी चाळीस शब्द ऐकवले असते.

मी रंजीता. आमच्याकडे दारांच्या बिजागऱ्या बनतात आणि तिथली हजेरी गेली दहा वर्षं मी लिहिते. कामाला पंचेचाळीस बाया, सगळ्या जंगलाला लागून असलेल्या गावांतल्या. कोणी आली नाही तर मी नावापुढे नुसती फुली मारत नाही, कारणही लिहिते. असं कर म्हणून मला कोणी सांगितलेलं नाही. पण बाई कामावर आली नाही ती लोळत पडली म्हणून नाही, अंधार सरायच्या आत मोहफुलं वेचायला गेली म्हणून, नाहीतर रोवण्याला, धानाची रोपं लावायला गेली म्हणून, हे कागदावर असावं असं मला वाटतं. आमच्या बायांबद्दल कोणी काहीही बोलून जातं, निदान माझ्या वहीत तरी खरं असू दे.

तर ही वही दिल्लीपर्यंत कशी पोचली ते सांगते. सात वर्षांपूर्वी बाहेरदेशातल्या बिजागऱ्या बाजारात आल्या. ते लोक स्वतःच्या देशात विकत त्याहून स्वस्तात इथे विकत. आम्हाला नुसता लोखंडी पत्रा ज्या भावात पडायचा, त्या भावात त्यांची तयार जोडी, वर स्क्रू फुकट. दोन वर्षं आमचा माल गोदामात पडून राहिला. निम्म्या बाया घरी बसल्या, म्हणजे घरी कुठल्या बसतात, लेकरं सासूजवळ टाकून तेलंगणात मिरची तोडायला गेल्या. मग सरकारने त्या मालावर पाच वर्षांसाठी अँटी-डंपिंग ड्युटी, म्हणजे असा पडेल भावात ओतलेला माल रोखायचा जादा कर, लावली आणि बाया परत आल्या.

आता ती पाच वर्षं संपत आली होती. ड्युटी ठेवायची की उठवायची, याची फेरतपासणी दिल्लीत चालू होती. ठेवा म्हणून काही कारखान्यांनी मिळून अर्ज केला होता, त्यात आम्हीही होतो. नागपूरच्या सल्लागाराने कागदांच्या गठ्ठ्यात माझ्या रजिस्टरची पानंही जोडून दिली. वाचून बघायची तसदी काही घेतली नाही. ती पानं आयातदारांच्या वकिलाच्या हाती लागली. त्याचं म्हणणं सरळ होतं. यांचं नुकसान आमच्या मालाने झालेलं नाही, यांच्या बाया काम सोडून जंगलात पळतात म्हणून झालं. मग ड्युटी कशाला? आणि खरं-खोटं करायला आठ दिवसांनी दिल्लीचे अधिकारी आमच्याच कारखान्यात येणार होते.

दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी एक जाडजूड कोरं रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं.

"जुन्यातलं सारं याच्यात उतरव. कारणाचा रकाना नको. मोह नको, तेंदू नको. मागणी नाई म्हणून काम बंद, एवढंच लिही."

"भाऊ, म्हणजे खोटं लिहू काय?"

"खोटं काऊन? मागणी नव्हतीच ना?"

"दोन वर्षं नव्हती. बाकीचे वर्षं तर होती. अन् साहेबानं शाई पाह्यली तर? दहा वर्षांची हजेरी एकाच पेनानं?"

"मंग तूच सांग काय करू!" ते ओरडले. "पंचेचाळीस घरं हायेत माह्या जिवावर. अन् तुले एका वहीची पडली हाय."

मला वहीची पडली नव्हती. वाघ हे कारण त्या दहा वर्षांत एकदाच लिहिलेलं आहे, आणि ते मंगलीच्या नावापुढे आहे. मंगली तीन नंबरच्या प्रेसवर, पत्रा कापायच्या मशीनवर होती. उंच, हाडापेराने मजबूत, अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं हसायची. डबा आम्ही दोघी एकत्र खायचो. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये ती मोहफुलं वेचायला गेली आणि दुपारी गावकऱ्यांना सापडली. त्या दिवशीच्या रकान्यात मी तो शब्द लिहिला तेव्हा माझा हात कसा चालला ते माझं मलाच माहीत. तिथे मागणी नाही असं लिहायचं?

"मी नाई लिहिणार, भाऊ. अन् दुसऱ्या कोणाले लिहू देणार नाई."

कोरं रजिस्टर मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. जुनी कपाटात घातली, कुलूप लावलं आणि किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली. गुणवंतराव माणूस वाईट नाही. त्यांनी मला काढून टाकलं असतं तरी कोणी काही म्हणालं नसतं. पण ते नुसते खुर्चीत बसले.

"मंग साहेबाले उत्तर तूच देजो," म्हणाले.

"देईन," मी म्हणाले.

म्हणाले खरी, पण काय देणार याचा पत्ता नव्हता. बाया जंगलात जातात हे खरंच होतं. तीन दिवस मी रजिस्टरं चाळली, जेवण गोड लागेना. चौथ्या दिवशी गोदामात बिजागऱ्यांच्या डब्यांवर बसले होते, तेव्हा रुखमाबाई आली. रुखमाबाई आमच्या पॅकिंगची सगळ्यात जुनी बाई, साठीला आलेली, कोणाला भीत नाही.

"तोंड काऊन पाडून बसली?"

मी सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली आणि माझ्यावरच डाफरली.

"पत्त्याले जातो ते खरंच हाय. पन जाच्या आंदी सारं गोदाम भरून देतो, ते काऊन नाई सांगत? फुकटची जातो काय आमी?"

मी उठून उभी राहिले. हे इतकं रोजचं होतं की मला सुचलंच नव्हतं. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जायचं असतं म्हणून फेब्रुवारीपासून बाया जास्तीचं काम करतात. गोदाम छतापर्यंत भरतात. त्या जंगलात असतात तेव्हा भरलेला माल विकला जातो. कोणी कायदा केलेला नाही, पण कारखाना सुरू झाल्यापासून हेच चालत आलं आहे.

"अन् रेघा पाह्य ना," रुखमाबाई म्हणाली. "मंगलीच्या."

आम्ही दोघींनी भिंतीजवळचे डबे ओढून बाजूला केले. मागच्या भिंतीवर गेरूच्या आडव्या रेघा होत्या. ही मंगलीची खोड. पत्त्याला जायच्या दिवशी डब्यांची थप्पी जिथपर्यंत असेल तिथे ती एक रेघ मारायची आणि परत आल्याच्या दिवशी दुसरी. पुढे साल. आपण नव्हतो तेव्हा किती विकलं गेलं ते बघायला, आणि बघून सगळ्यांसमोर छाती फुगवायला. ती गेल्यावर रुखमाबाईने रेघा चालू ठेवल्या होत्या, वाकड्यातिकड्या.

मी साल वाचत गेले. पहिली तीन वर्षं जातानाची रेघ माझ्या डोक्याच्या वर, येतानाची गुडघ्याच्या खाली. मग २०१७. जाताना डोक्यावर, येताना खांद्याशी. २०१८ च्या दोन रेघांमध्ये तर चार बोटांचंही अंतर नव्हतं. २०१९ ला ड्युटी लागली आणि येतानाची रेघ पुन्हा खाली उतरली. वीस सालची रेघच नाही, तेव्हा लॉकडाऊनमध्ये सगळंच बंद होतं. पुढे परत गुडघ्याखाली.

आणि माझं रजिस्टर सांगत होतं की बाया दरवर्षी जंगलात जवळपास तितकेच दिवस जातात. चांगल्या वर्षीही, वाईट वर्षीही. मग माल अडला तो बायांमुळे कसा? मी रुखमाबाईला मिठी मारली. ती म्हणाली, सोड पोरी, घाम आहे अंगाला.

पुढचे चार दिवस मी मालाच्या पावत्या काढून बसले. कोणत्या तारखेला किती डबे गोदामातून निघाले ते एकेका रेघेशी लावून पाहिलं. दोन ठिकाणी जुळलं नाही, ते तसंच लिहून ठेवलं. गुणवंतराव आधी दारातून बघायचे. मग खुर्ची ओढून पावत्या वाचून द्यायला लागले.

साहेब आले ते एकटेच, शिडशिडीत, चष्म्याचे, आपला डबा आपणच आणलेले. हिंदीत बोलायचे, तेही मोजकं. मी त्यांना भिंतीपाशी नेलं. त्यांनी बराच वेळ रेघा पाहिल्या, फोटो काढले आणि म्हणाले की भिंत हा काही पुरावा नाही, पावत्या दाखवा. मी गठ्ठा पुढे केला. न जुळणारी दोन ठिकाणं मी आपणहून दाखवली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं बोट रजिस्टरवर एका जागी थांबलं. तुमच्या अर्जात कामगार पंचेचाळीस आहेत, त्यांनी विचारलं, इथे शेहेचाळीस नावं आहेत. ही मंगली कोण? दोन वर्षं हिचा सगळा रकाना रिकामा आहे.

गुणवंतराव पुढे झुकून ते नाव वाचायला लागले. त्यांना हे माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. खोटी नावं घालून हजेरी फुगवणारे कारखाने साहेबांनी पाहिले असणार. एक नाव खोटं निघालं तर माझं दहा वर्षांचं रजिस्टर रद्दी होतं, भिंत आणि पावत्याही त्याच्याबरोबर गेल्या असत्या. वर त्या वकिलाने गैरहजेरीची जी टक्केवारी काढली होती, तिच्यातही मंगली रोज गैरहजर धरलेली होती. म्हणजे त्याच्या हातात दगड मीच दिला होता.

"चूक माझी आहे," मी सांगितलं. "दर महिन्याच्या एक तारखेला नवीन पान आखते, नावं लिहिते. तीन नंबरच्या प्रेसपाशी आले की तिचं नाव लिहून होतं. सोडवत नाही. पगाराच्या वहीत ती नाही, बघून घ्या. एक रुपयाही तिच्या नावाने निघालेला नाही."

मी एप्रिलचं ते पान उघडलं. त्यांनी मराठी अक्षरं सावकाश लावली. वाघ. मग चष्मा काढून पुसला. पगाराची वही मागितली, तीही पानन् पान पाहिली.

शेवटी म्हणाले, हे माझ्यासमोर दुरुस्त करा. प्रत्येक पानावर नाव काटा, तारीख घाला, सही करा. आणि झाल्या चुकीचा जबाब लिहून द्या.

"नाव काटीन, साहेब," मी म्हणाले. हिंदी सुचेना, आपल्या बोलीतच बोलले. "ते कारण नाई काटणार."

त्यांना ते कळलं. कारणाला हात लावू नका, ते म्हणाले, खोटं रजिस्टर करणारा माणूस असं कारण लिहीत नाही.

बावीस पानं होती. बावीस वेळा मी मंगलीवर रेघ ओढली. पहिल्या दोन-तीन सरळ आल्या, मग डोळे भरून आले आणि पट्टी हलायला लागली. गुणवंतरावांनी पट्टीचं दुसरं टोक धरलं.

एप्रिल संपता संपता निकाल आला. ड्युटी आणखी पाच वर्षं राहणार होती. इतक्या मोठ्या निकालात आमच्या वाट्याला एकच परिच्छेद होता. कामगारांची हंगामी गैरहजेरी कारखाना चांगला चालत असतानाही तेवढीच होती, म्हणून ते नुकसानीचं कारण मानता येत नाही. मी तो मराठीत करून जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवला. रुखमाबाईने परत वाचायला लावला. मग म्हणाली, एवढं सांगाले दिल्ली लागली काय, मीच सांगतलं असतं. ते कोरं रजिस्टर मी मेपासून वापरायला काढलं. पहिल्या पानावर पंचेचाळीस नावं लिहिली. तीन नंबरच्या प्रेसपाशी हात थांबला, पण लिहिलं नाही. मेच्या रकान्यात तेंदू, तेंदू, तेंदू असं पानभर लिहिलं.

जूनमध्ये बाया परत आल्या, काळवंडलेल्या, हाता-पायांवर ओरखडे. सगळ्या आधी गोदामात गेल्या. डबे इतके थोडे उरले होते की पलीकडची फरशी दिसत होती. रुखमाबाईने गेरूचा खडा माझ्या हातात दिला.

"मले वाकवत नाई. तू काढ."

रेघ इतकी खाली होती की वाकूनही जमेना, मला फरशीवर मांडी घालून बसावं लागलं. बसले तेव्हा मंगलीच्या चांगल्या वर्षांच्या रेघा नेमक्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या, सरळ, ठसठशीत. एवढी उंच बाई, तिलाही या रेघा मारायला इथेच, असंच बसावं लागलं असणार. मी तिच्या रेघेशेजारी माझी रेघ मारली आणि पुढे साल लिहिलं.