सरूचं मागणं

"पोराची शी मागायला आलीस व्हय गो?" गोदूबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

सरू झाकणाची प्लास्टिकची डबी घेऊन दारात उभी होती. "व्हय काकी. तुमचा नातू आमच्या अपेक्षाच्याच वयाचा. डॉक्टरबाईंना निरोगी पोराची पन पायजे."

निडी गावात सकाळपासून ती हेच मागत फिरत होती. एका घरी बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या घरी कुणी करणीचं नाव काढलं आणि दार लोटलं.

गेल्या गणपतीत अपेक्षाच्या पायांवर जांभळे ठिपके उठले, तेव्हा सरूला वाटलं, डास चावले असतील. मग गुडघे सुजले, पोट दुखायला लागलं आणि एक दिवस पोरीची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. रोह्याच्या डॉक्टर मैथिलींनी समजावलं, की बारीक रक्तवाहिन्यांना सूज आली आहे आणि ती मूत्रपिंडापर्यंत पोचली आहे. पुष्कळ मुलांत ती तिथवर जात नाही. हिच्यात का गेली, ते नक्की सांगता येत नव्हतं. आतड्यातल्या जंतूंचा त्यात हात असावा, असं मुंबईच्या काही डॉक्टरांना वाटत होतं. ते तपासायला त्यांना आजारी मुलांचे नमुने हवे होते, आणि त्याच गावात, त्याच अन्नपाण्यावर वाढलेल्या धडधाकट मुलांचेही.

गोळ्यांनी अपेक्षाचा चेहरा सुजून गोल झाला. तिच्या ताटातलं मीठ कमी झालं, तेव्हा सरूनं सगळ्या घराचंच कमी केलं. कंपनीतून शिफ्ट करून आलेला गुणाजी, तिचा नवरा, अळणी आमटी मुकाट्यानं जेवायचा. नमुन्यांचं कळल्यावर मात्र म्हणाला, "गावात तोंड कसं दाखवू मी?"

"मी दाखवते ना," सरू म्हणाली होती.

गोदूबाईंनी तिला बस म्हटलं नाही. "यानं तुझी पोर बरी व्हईल?" एवढंच विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं.

"नाय काकी. बाईंनी आधीच सांगितलंय. हिला त्याचा फायदा नाय."

"मग कशाला दारोदार फिरतेस?"

"पुढं कुनाच्या तरी पोराला उपेग व्हईल." सरूनं डबी पुढं केली. "माझ्या हातात तेवढंच हाय."

गोदूबाईंनी मांडीवरच्या शेंगा सुपात टाकल्या आणि हात पुढे केला. "ठेव हितं. उद्या सकाळी देते. नि ज्यांनी दार लोटलं ना, त्यांच्याकडं मी येते तुझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून आलेल्या गुणाजीनं कपडेही बदलले नाहीत. नमुन्यांच्या डब्या ठेवलेली बर्फाची पिशवी गाडीला अडकवली आणि सरूला म्हणाला, "बस मागं. बर्फ वितळायच्या आत रोह्याला पोचू."

होळीनंतर सरू अपेक्षाला तपासणीला घेऊन गेली. सुधारणा होती, पण लघवीतून प्रथिनं अजून जात होती. गोळ्या इतक्यात सुटणार नव्हत्या. औषधं घेऊन ती बाहेर आली, तर बाकावर गडब गावची एक बाई बसली होती. मांडीवरच्या मुलाच्या पायांवरचे जांभळे ठिपके ती ओढणीनं झाकत होती.

सरू तिच्याजवळ जाऊन बसली. "ठिपक्यांना भिऊ नको गो. ते जातात. लघवीवर तेवढी नजर ठेव."

बाईनं तिचा हात धरला. आतून मुलाच्या नावाची हाक आली, तरी तिला सरूचा हात सोडवेना.

सरूनं अपेक्षाला बाकावर बसवलं आणि ती त्या बाईबरोबर पुन्हा आत गेली.